ग्लूटेन बंद केलं, तरी थकवा का जात नाही? काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ग्लूटेन, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, सोडल्यावर बहुतेकांचं पोट आधी सुधारतं. जुलाब थांबतात, पोट फुगणं कमी होतं, जेवणाची भीती वाटेनाशी होते. थकवा मात्र तिथेच असतो. पूर्ण झोप होऊनही सकाळी अंग जड, दुपारपर्यंत डोकं सुन्न आणि संध्याकाळी साधा फोन घ्यायचंही त्राण नाही. घरच्यांना वाटतं, आता आहार सापडला, म्हणजे माणूस बरा झाला. त्यामुळे हा थकवा कोणाला सांगायचीही चोरी होते.

या टप्प्यावर बरेच जण एक गोष्ट करतात आणि तिनेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ते आणखी पदार्थ बंद करतात. आधी दूध, मग डाळी, मग अंडी, मग फळं. दर वेळी दोन-चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा थकवा येतो. काही महिन्यांनी ताटात पाच-सहा पदार्थ उरतात, वजन उतरतं आणि ज्या शरीराला भरून यायचं आहे त्याला भरून यायला काहीच मिळत नाही. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं: कारण कळेपर्यंत आहारातून नवीन काही काढू नका. ग्लूटेन बंद केल्याने आतड्याची होणारी इजा थांबते. आधीच्या महिन्या-वर्षांत शरीरातून जे कमी झालं, ते मात्र आपोआप परत येत नाही. ते मोजावं लागतं आणि भरावं लागतं.

वाट किती पाहायची

सीलिअ‍ॅक आजारात ग्लूटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व त्यांच्यातूनच रक्तात जातं. हल्ल्यामुळे ते झिजून सपाट होतात. पोटाच्या तक्रारी काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होऊ शकतात, पण अस्तर पुन्हा उभं राहायला वेळ लागतो. मुलांमध्ये हे लवकर होतं, मोठ्यांमध्ये सावकाश. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचंच अस्तर दोन वर्षांत भरून आलेलं दिसलं. पाच वर्षांत हे प्रमाण दोन तृतीयांशांपर्यंत गेलं.

हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. तिसऱ्या आठवड्यात थकलेल्या माणसाने 'आहाराचा उपयोग नाही' असं ठरवू नये, एवढ्यासाठी देतो. पहिले दोन-तीन महिने थकवा चढ-उतार करत राहिला तर ते अपेक्षितच आहे. या काळाला काही जण 'ग्लूटेनची सवय सुटण्याचा त्रास' म्हणतात, पण तसं काही असतं याला भक्कम पुरावा नाही. आहार एकदम बदलल्याने पोटात कमी अन्न जाणं, तंतू (फायबर) कमी पडणं, कॉफीची वेळ बदलणं यांनीही माणूस गळून जातो. तुमचा थकवा महिन्यागणिक थोडाही कमी होत नसेल, किंवा कमी होऊन पुन्हा वाढला असेल, तर मात्र नुसती वाट पाहू नका.

आधी एक वही घाला

दोन आठवडे रोज चारच गोष्टी लिहा: झोप किती झाली, काय खाल्लं, दिवसात थकवा कधी सगळ्यात जास्त होता (शून्य ते दहा यांतला एक आकडा पुरे) आणि त्या दिवशी बाहेर किंवा दुसऱ्याच्या हातचं खाल्लं का. स्त्रियांनी पाळीचे दिवसही लिहावेत. जास्त रक्तस्राव हे लोह कमी होण्याचं मोठं कारण आहे आणि ते सांगायचं राहून जातं. थकव्याचं स्वरूपही नोंदवा. झोप येते, स्नायूंत ताकद नसते, धाप लागते की डोकं चालत नाही? डॉक्टरांच्या दृष्टीने हे चार वेगळे थकवे आहेत.

निदान पक्कं आहे का?

हा प्रश्न अनेकांना गैरसोयीचा वाटतो, तरी तो टाळू नका. सीलिअ‍ॅकचं निदान रक्तातल्या टीटीजी-आयजीए अँटिबॉडीवरून आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या बायोप्सीवरून होतं. या दोन्ही तपासण्या ग्लूटेन खात असतानाच विश्वासार्ह असतात. तपासणीआधीच आहार सुरू केला असेल, तर निकाल खोटा 'नॉर्मल' येऊ शकतो.

अशा वेळी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करता येते. आहाराचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असं धरता येतं. असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांपैकीही बऱ्याच जणांत ती असतात. पक्कं निदान हवं असेल तर काही आठवडे रोज ग्लूटेन खाऊन पुन्हा तपासावं लागतं. हा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्या, एकट्याने नको.

निदान नसताना स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्यांनी आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी. गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकंही असतात आणि काहींच्या पोटाला त्रास त्यांचाच होतो. गहू सोडल्यावर पोट सुधारलं, म्हणून थकव्याचं कारणही ग्लूटेनच होतं असं ठरत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, झोपेतला श्वासाचा अडथळा, नैराश्य यांपैकी काहीही मागे असू शकतं. त्यांना ग्लूटेनशी काही देणंघेणं नसतं.

रक्त तपासून घ्या, आणि रिपोर्ट नीट वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. डॉक्टरांशी बोलून पुढच्या तपासण्या एकाच वेळी करून घ्या: हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन आणि लोहाच्या इतर चाचण्या, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर आणि टीटीजी-आयजीए. जुलाब बराच काळ असतील किंवा वजन फार उतरलं असेल, तर जस्त, तांबं आणि मॅग्नेशियमबद्दलही विचारा. बायोटिनच्या (केस-नखांसाठी घेतात त्या ब जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्यामुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकतात.

लोहाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात. सीलिअ‍ॅकमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त झिजतो तो हाच भाग. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून लोह ठीक आहे, असं नसतं. शरीर आधी साठा वापरून संपवतं आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. फेरिटिन हे त्या साठ्याचं माप. ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर लोहाची कमतरता असण्याची दाट शक्यता असते. रिपोर्टवर लिहिलेली 'नॉर्मल' मर्यादा याहून खाली सुरू होत असली तरी. उलट, शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन उगाच वर दिसतं. म्हणून त्याच्याबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन किती भरलं आहे त्याचं माप) आणि सीआरपी (सूज दाखवणारी चाचणी) पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं.

गोळ्या सुरू झाल्या की त्या कशा घेता याला फार महत्त्व आहे. दिवसातून एकदा, किंवा डॉक्टर म्हणतील तर दिवसाआड घ्या. एक डोस घेतल्यावर शरीर सुमारे दिवसभर लोहाचं शोषण आवरतं धरतं, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्या घेऊन तिप्पट लोह मिळत नाही. पोट बिघडतं ते वेगळंच. शक्यतो रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर किंवा आंबट फळाच्या रसाबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की गोळ्या थांबवायचा मोह होतो. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. नियमित गोळ्या घेऊनही सहा-आठ आठवड्यांत फरक दिसला नाही, तर आतडं अजून शोषत नाही किंवा कुठून तरी रक्त जातंय. तेव्हा शिरेतून लोह देण्याबद्दल आणि रक्तस्रावाच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. लोह कमी नसताना अंदाजाने गोळ्या घेत राहणं मात्र धोक्याचं आहे. जादाचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही.

बी१२ आणि फोलेट एकत्रच पाहायला हवेत. बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड (गोळीतलं फोलेट) घेतलं तर रक्ताचं चित्र सुधारतं, पण आतून मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, विसरायला होणं यांतलं काही असेल तर बी१२चा विषय लगेच काढा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीसाठी रोजची गोळी बराच काळ घेत असाल, तर बी१२ कमी होण्याचं तेही एक कारण असतं.

ड जीवनसत्त्वाची कमतरता स्नायूदुखी आणि मांड्यांतल्या अशक्तपणाच्या रूपाने जाणवते. मोठ्या डोसच्या गोळ्या ठरवलेल्या काळापुरत्याच घ्या, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठतं.

ग्लूटेन खरंच शून्य झालं आहे का?

आहार सुरू करूनही तक्रारी राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नकळत पोटात जाणारं ग्लूटेन. यात कोणाचा निष्काळजीपणा असतो असं मला वाटत नाही. प्रमाणच इतकं सूक्ष्म असतं. इटलीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लूटेन असतं. म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, किंवा त्याहूनही कमी, रोज पोटात गेला तरी पुरे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'ग्लूटेनमुक्त' लेबल लावायला पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं.

शोध स्वयंपाकघरापासून सुरू करा. टोस्टर, चाळणी, लाकडी चमचे आणि पोळपाट यांच्या फटींत पीठ राहतं आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. ही भांडी वेगळीच हवीत. लोण्याच्या किंवा जॅमच्या बरणीत दुसऱ्याची सुरी जाते आणि कण तिथेच राहतात. ज्या तेलात पिठात घोळवलेले पदार्थ तळले, त्यातच तुमचे बटाटे तळले तर उपयोग नाही. स्टीलची आणि काचेची भांडी नीट घासली की चालतात, त्यांसाठी सगळं घर बदलायची गरज नाही.

पिठं हा वेगळाच विषय आहे. मका, तांदूळ, ज्वारी, बाजरी, राजगिरा यांत मुळात ग्लूटेन नसतं. पण ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथेच ही धान्यं दळली, तर पिठात गहू येतोच. लेबल नसलेलं, सुटं विकलेलं पीठ म्हणूनच धोक्याचं. ओट्सचंही तसंच. साधे ओट्स गहू-बार्लीने भेसळलेले असतात. ग्लूटेनमुक्त लेबल असलेले बहुतेकांना चालतात, थोड्या जणांना तेही सोसत नाहीत. म्हणून तक्रारी असेपर्यंत ते बाजूला ठेवायला हरकत नाही.

लेबलवर 'गहू' शोधून थांबू नका. बार्ली, राय, माल्ट, माल्टचा अर्क, सोया सॉस, तयार सूप, मसाल्यांची मिश्रणं, मांसाचे प्रक्रिया केलेले पदार्थ, बिअर हे सगळं तपासा. 'गहूमुक्त' म्हणजे ग्लूटेनमुक्त नव्हे. रोजच्या औषधांत स्टार्च कशाचा आहे हे औषध विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून एकदा विचारून घ्या. ग्लूटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर विसंबून मात्र काही खाऊ नका.

टीटीजी नॉर्मल आलं म्हणून चूक होत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ही अँटिबॉडी उतरायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं आणि अधूनमधून होणारा थोडा संपर्क तिच्यात दिसतोच असं नाही. ती खाली येत जाते आहे ना, हे पाहायचं. आधी उतरून पुन्हा वाढली तर ग्लूटेन कुठून तरी येतंय. लघवीत किंवा शौचात ग्लूटेनचे अंश शोधणाऱ्या चाचण्याही आहेत. अनुभवी आहारतज्ज्ञाबरोबर बसून तुमची वही वाचणं मला त्याहून उपयोगाचं वाटतं.

गव्हाच्या जागी काय आलं?

अनेक देशांत गव्हाच्या पिठात लोह आणि ब जीवनसत्त्वं मिसळतात. ग्लूटेनमुक्त पिठांत ती बहुधा नसतात. तयार ग्लूटेनमुक्त पाव आणि बिस्किटं बरेचदा स्टार्च, साखर आणि चरबी यांचीच बनतात. त्यांत प्रथिनं आणि तंतू कमी. असं खाल्लं की साखर झपकन चढते आणि तितक्याच लवकर उतरते. जेवणानंतर दोन तासांनी गळून जायला होत असेल, तर वहीत त्या जेवणात काय होतं ते पाहा.

प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठसठशीत पदार्थ असू द्या: डाळ, कडधान्य, अंडं, मासे, मांस किंवा सोसत असेल तर दही. सगळा भार तांदळावर टाकू नका, धान्यं आलटून पालटून घ्या. एकूण पोटात जातंय किती, हेही एकदा तपासा. बाहेर खाणं बंद झालं, सगळं रांधण्याचा कंटाळा आला, म्हणून अर्धपोटी राहणारे खूप असतात. अन्न कमी पडलं तर कुठलीही गोळी थकवा घालवू शकत नाही.

दुधाबद्दल एक खुलासा. दुधातली साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्या उंचवट्यांच्या टोकांवरच तयार होतं, म्हणून सुरुवातीला दूध बाधणं स्वाभाविक आहे. अस्तर भरून आलं की बहुतेकांना ते पुन्हा चालतं. काही महिन्यांनी थोड्या प्रमाणात घेऊन पाहा. ते कायमचं सोडून दिलं, तर कॅल्शियमचा एक मोठा स्रोत जातो.

जोडीचे आजार, झोप आणि मन

सीलिअ‍ॅकबरोबर थायरॉइडचे स्वयंप्रतिकार आजार आणि टाइप १ मधुमेह जास्त आढळतात. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर आतडं सुधारल्यावर ती जास्त शोषली जाते आणि डोस कमी करावा लागू शकतो. छातीत धडधड, झोप न लागणं आणि थकवा एकत्र दिसले तर टीएसएच पुन्हा करा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा अ‍ॅडिसन आजार दुर्मीळ आहे, पण तो चुकवून चालत नाही. उभं राहताच चक्कर, मीठ खावंसं वाटणं, विनाकारण त्वचा काळवंडणं आणि वजन उतरणं ही त्याची लक्षणं.

रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाशी त्याचा संबंध असतो. अशा वेळी फेरिटिन ७५ पर्यंत असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मोठ्याने घोरणं आणि सकाळी डोकं दुखणं असेल तर झोपेची तपासणी मागा.

नैराश्य आणि चिंता सीलिअ‍ॅकमध्ये जास्त आढळतात. कोणाच्या घरी जेवायचं टाळणं, प्रत्येक लेबल वाचणं, चारचौघांत पुन्हा पुन्हा समजावून सांगणं, या सगळ्याचाही शीण असतो. तो खरा आहे आणि उपचाराने कमी होतो. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर कोणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

कारण सापडेपर्यंतचे दिवस

रोजची ताकद म्हणजे ठरलेली रक्कम असलेलं पाकीट समजा आणि सकाळीच ठरवा ती कशावर खर्च करायची. बरं वाटलेल्या दिवशी साचलेलं सगळं उरकायला गेलात, तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. जड कामाचे तुकडे करा आणि थकण्याआधी बसा. एकदा रांधून दोन-तीन जेवणांचं गोठवून ठेवा, म्हणजे वाईट दिवशी चुकीचं काही खावं लागणार नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आवरा. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही तरच आठवड्याने दोन-तीन मिनिटं वाढवा. थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या दिवशी कोसळायला होत असेल, तर व्यायाम वाढवू नका आणि हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. त्याचं निदान वेगळं असू शकतं.

थांबू नये अशी लक्षणं

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, शुद्ध हरपणं, डांबरासारखं काळं आणि चिकट शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही झालं तर तातडीने रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनी शौच गडद होतं, पण ते चिकट आणि उग्र वासाचं नसतं. विनाकारण वजन उतरत राहणं, ताप, रात्री घामाने भिजणं, पायांवर सूज किंवा थांबलेले जुलाब पुन्हा सुरू होणं, हे त्याच आठवड्यात दाखवा.

वर्ष झालं, तरी?

आहार काटेकोर आहे, कमतरता भरल्या आहेत, बारा महिने उलटले आहेत आणि थकवा तसाच आहे, तर पोटविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जा. ते मूळ बायोप्सी नव्याने पाहतील, गरज पडल्यास दुर्बीण पुन्हा करतील. लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ, स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडणं, मोठ्या आतड्याची सूक्ष्मदर्शकातच दिसणारी सूज, अशी उपचार होण्याजोगी कारणं ते शोधतील. आहारालाही न जुमानणारा सीलिअ‍ॅक क्वचितच असतो, आणि बाकी सगळं तपासून झाल्यावरच ते नाव घेतलं जातं.

या भेटीला जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: दोन आठवड्यांची वही, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, डोस आणि वेळ. वेळ कमी असते, म्हणून पहिलं वाक्य तयार ठेवा: 'पोट बरं आहे, पण थकव्यामुळे मी अमुक काम करू शकत नाही.' 'थकवा वाटतो' यापेक्षा न जमणारं नेमकं काम सांगितलं, तर पुढचे प्रश्नही नेमके येतात.